पाहुणीला सगळं माहीत होतं

रविवार असूनही दादा सकाळीच खाली दुकानात गेला. शटर अर्धं वर केलं आणि कापायच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. कापायला काही नव्हतं. वर स्वयंपाकघरात आईला, म्हणजे माईला, त्याच्या चपलांचा आवाज येत होता. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत.

काल रात्री तो अर्ध्या ताटावरून उठला होता. हात धुताना एवढंच म्हणाला, "उद्या जेवणं झाली की सगळ्यांनी बसायचं. पाहुणीलाही बसव."

"झालं काय एवढं?" माईने विचारलं.

"उद्या."

माईला उत्तराची गरजही नव्हती. कुठेतरी पाणी मुरतंय हे ती गेल्या वर्षापासून म्हणत होती, आणि गेल्या वर्षापासून घरात कोणी तिचं ऐकत नव्हतं. परक्या देशातली मुलगी इथल्या विद्यापीठात शिकायला येते, हे एक वेळ समजू शकतं. पण विद्यापीठाचं वसतिगृह आहे, तिच्या देशाच्या पाच-सहा मुली तिथे राहतात, त्यांना सोडून ही शिंप्याच्या माडीवरची खोली मागायला येते? वर म्हणते, 'मला भाषा पुस्तकातून नको, घरातून शिकायची आहे. मला घरात राहायचे आहे.' स्वतःचं घर टाकून दुसऱ्याच्या घरात घुसायची हौस कोणाला असते? माईच्या माहितीत दोघांनाच. चोराला आणि सुनेला.

"माई, मी मदत करू?"

आली. ओले केस मागे बांधलेले, पाय न वाजवता. माईने वाटाण्याच्या शेंगांचं ताट तिच्याकडे सरकवलं. पाहुणी जमिनीवर बसली. आता तिला मांडी नीट घालता येत होती.

"माई, 'सोलणे' आणि 'निवडणे' यात फरक काय?"

"सोलतात ते वाटाणे. निवडतात ते तांदूळ." माईने चहाचं आधण ठेवलं. "आणि माणसं. नीट नाही निवडली तर दाताखाली खडा येतो."

पाहुणी हसली नाही. एरवी ती असल्या वाक्यावर खूश होऊन रेकॉर्डिंगसाठी फोन पुढे करायची आणि म्हणायची, 'पुन्हा म्हणता का?' तिच्या अभ्यासाचा विषयच तो होता. घरात माणसं एकमेकांशी कशी बोलतात. सुरुवातीला सगळे त्या फोनसमोर अवघडून बोलायचे. मग विसरले. फोन चालू असायचा आणि माणसं मन मोकळं करायची. माईनेही केलं होतं. एका दुपारी घरात कोणी नसताना तिने या पोरीला सांगितलं होतं की दादा पोटात असताना ती अप्पांना सोडून माहेरी निघाली होती, आणि अर्ध्या वाटेवरून परत आली. हे तिने स्वतःच्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी हलकं वाटलं होतं. आज मात्र शेंगा सोलणारी ती लांब, गोरी बोटं बघून माईला आठवलं की ते सगळं त्या फोनात आहे.

"तुला माहितीय ना, दादाने कशाला बोलावलंय?" तिने एकदम विचारलं.

पाहुणीच्या हातातली शेंग थांबली. "नाही," ती म्हणाली.

खोटं बोलायलाही शिकली आपल्या भाषेत, माईने मनात म्हटलं.

*

पाहुणी खोटं बोलत होती, आणि ते तिला जमत नव्हतं. आपले कान तापल्याचं तिला कळत होतं.

कालचा फोन तिच्या समोरच आला होता. ती दुकानात अप्पांच्या शेजारी स्टुलावर बसली होती. अप्पा आता कापत नाहीत, शिवत नाहीत, पण खुर्ची सोडत नाहीत. फोन दादाने उचलला आणि अडखळत इंग्रजीत बोलू लागला. 'हो, मी तिचा वडील. नाही, ती आता घरी नाही. कसली मुलाखत?' मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. त्याने फोन खाली ठेवला तेव्हा त्याच्या हातातला खडू मोडलेला होता.

मुलाखत टिल्लीची होती. टिल्ली म्हणजे दादाची एकुलती मुलगी. पाहुणीच्याच शहरातल्या विद्यापीठात तिने अर्ज केला होता. मुलाखतीची वेळ बदलली, तिचा फोन लागेना, म्हणून त्यांनी अर्जातल्या दुसऱ्या नंबरावर फोन केला. तो नंबर दुकानाचा होता.

शेंगा संपल्या. ताट उचलून ती बाहेर आली तर जिन्याच्या वळणावर वहिनी वाळलेल्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन उभी होती. वहिनी दादाची बायको, टिल्लीची आई. घरात सगळ्यांत कमी बोलणारी. जिन्यात कोणी नाही हे बघून तिने आवाज उतरवला.

"काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

"शपथ घेतलीयस."

"हो वहिनी. पण दादांना सगळे कळले आहे. आता तुम्ही स्वतः सांगितले तर…"

"बघते मी." वहिनीने गठ्ठ्यातल्या एका टॉवेलची उगाच पुन्हा घडी घातली. "तू गप्प राहा. तू बाहेरची आहेस, तुला फार काही बोलणार नाहीत. माझं तसं नाही."

ती वर निघून गेली. पाहुणी रिकामं ताट घेऊन जिन्यात उभी राहिली.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी वहिनी पहिल्यांदा तिच्या खोलीत आली होती. दार लावून घेतलं होतं. 'टिल्लीला तुझ्या गावाला पाठवायचंय. यांना विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून विचारायचं नाही. आधी होऊ दे.' तेव्हा पाहुणीला वाटलं होतं, झालं, आता आपण या घरातल्या झालो. अप्पांनी डाव्या डोळ्याने दिसत नाही हे फक्त तिला सांगितलं, तेव्हाही तसंच वाटलं होतं. धाकट्याने सांगितलं, तेव्हाही. तो दादाचा भाऊ, शिलाईचं सगळं काम त्याचं. तयार कपड्यांच्या कारखान्यात तो एक दिवस गुपचूप काम करून बघून आला होता. वसतिगृहातल्या मुलींना ती अभिमानाने सांगायची की तुम्ही वर्षभर राहून फक्त बाजार बघितलात, मला घर बघायला मिळालं.

आणि आता वहिनी तिच्या तोंडावर सहज म्हणून गेली, तू बाहेरची आहेस. त्यात राग नव्हता. हवा थंड आहे म्हणावं तसं ती म्हणाली होती. पाहुणीच्या तेव्हा लक्षात आलं की घरातल्या माणसाला कोणी गुपित सांगत नसतं. ते बाहेरच्यालाच सांगतात, कारण तो कधीतरी निघून जाणार असतो.

*

जेवणं झाली. मग सगळे पुढच्या खोलीत बसले. अप्पा आरामखुर्चीत, माई त्यांच्या पायाशी, धाकटा दाराच्या चौकटीला टेकून उभा. वेळ पडली तर पळता यावं म्हणून, असं तोच म्हणायचा. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी. टिल्ली पलंगाच्या कडेवर. घरात सगळ्यांपेक्षा उंच झाली तरी तिचं नाव टिल्लीच राहिलं होतं, आणि आज ती खरंच आक्रसून टिल्ली होऊन बसली होती.

दादाने कालचा फोन सांगितला. आवाज न चढवता, कापड मोजावं तसा.

"शिंप्याची पोर समुद्रापलीकडे शिकायला निघाली," तो शेवटी म्हणाला, "आणि बापाला फोनवरून कळलं. परक्या माणसाकडून. तो मला विचारत होता, तुम्हाला माहीत नव्हतं का? काय सांगू मी त्याला?"

"बाबा, मी सांगणारच होते. आधी होतंय की नाही ते तर…"

"तू थांब. तुझ्याकडे नंतर येतो." तो पाहुणीकडे वळला. "तुझं गाव. तुझं विद्यापीठ. हे हिच्या डोक्यात आपोआप आलं असं म्हणायचंय का?"

"मी काहीही सुचवले नाही, दादा."

"पण माहीत होतं?"

पाहुणीने वहिनीकडे बघितलं नाही. न बघण्यासाठी तिला मान ताठ धरावी लागली, आणि ते माईच्या नजरेतून सुटलं नाही. "माहीत होते," ती म्हणाली.

"बघा!" माई म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. गोड बोलून कान भरलेत पोरीचे."

"अगं, ती कशाला कान भरेल?" अप्पा म्हणाले. "तिचेच कान आपण सगळे मिळून भरतोय वर्षभर."

"तुम्ही मध्ये बोलू नका. तुम्हाला कोणीतरी ऐकणारं मिळालंय, झालं तुमचं."

धाकटा हसला. दादाने त्याच्याकडे वळून बघितलं. "तुला हसू येतंय? तुलाही माहीत होतं की काय?"

"मला? मला या घरात कोण काय सांगतं?" धाकट्याने हात वर केले. "मला तर जेवायला काय आहे तेही पानात पडल्यावर कळतं."

पण त्याचं हसू लगेच विरलं, आणि दादाच्या मनात वेगळीच शंका आली. हा चौकटीला टेकून उभा राहतो, पाहुणी कॉलेजातून आली की जिन्यात तिच्याशी कुजबुजतो. काय चालतं यांचं? टिल्लीला यानेच तर फूस दिली नसेल? त्याला एकदम वाटलं की आपण सोडून या खोलीतल्या प्रत्येकाला काहीतरी माहीत आहे, आणि ते सगळं एकाच ठिकाणी साठलेलं आहे.

"तुझा फोन आण," तो पाहुणीला म्हणाला.

"का?"

"वर्षभर आमचं बोलणं त्यात भरतेयस ना? टिल्ली काय म्हणाली, तू काय म्हणालीस, सगळं असेल. लाव इथे. सगळ्यांसमोर. कोणी कोणाला काय शिकवलं ते कळू दे."

पाहुणीने खिशातून फोन काढून स्टुलावर ठेवला. सगळे त्याच्याकडे असे बघू लागले जसं एखादं जनावर घरात शिरलंय आणि ते कोणाला चावणार हे अजून ठरलेलं नाही.

"लावते," ती म्हणाली. "पण सुरुवातीपासून लावावे लागेल. कोणाचे बोलणे कुठे आहे ते मलाही लगेच सापडणार नाही."

अप्पा आधी खाकरले. "माझं असं म्हणणं आहे," ते म्हणाले, "की हा तिच्या अभ्यासाचा भाग आहे. परीक्षेचा पेपर असा फोडतात का?"

"खरंय," धाकटा म्हणाला. "आणि दादा, दुपारची वेळ. किती तास ऐकत बसणार? उद्या त्या लग्नाच्या कोटाची ट्रायल आहे, कॉलर बसायचीय अजून."

"तू नेहमी कामाचं बोलतोस का रे असं?" दादा म्हणाला. "काय लपवतोयस?"

"मी? मी काहीच लपवत नाही! लाव बाई. नाहीतर… नको. माईला विचार."

माईने पदर सारखा केला. पोरीचे कान भरलेत म्हणून आत्ता ओरडणारी माई आता भिंतीकडे बघून बोलत होती. "यंत्रावर काय विश्वास ठेवायचा? बोललेलं एक, त्यात भरतं भलतंच. आपण माणसं समोरासमोर बसलोय. यंत्र कशाला?"

दादा एकेकाकडे बघत राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर अख्ख्या घराच्या मनात चांदणं पडलेलं. त्याची मती गुंग झाली. म्हातारे वडील, आई, भाऊ, सगळे एका क्षणात फिरले, आणि फोनकडे बघून सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव. तो पुढे होऊन स्वतःच तो फोन उचलणार होता. उचलला नाही.

कारण त्याला ती पावसाळी दुपार आठवली. गिऱ्हाईक नव्हतं, धाकटा बटणं आणायला गेला होता, आणि पाहुणीने विचारलं होतं, 'दादा, चांगला कारागीर कोणाला म्हणायचे?' तेव्हा तो म्हणाला होता, 'माझ्या भावाला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी त्याला मरेपर्यंत सांगणार नाही. सांगितलं तर तो एक दिवस इथे राहायचा नाही.' हे त्या फोनात होतं, त्याच्या स्वतःच्या आवाजात. आणि धाकटा चार हातांवर उभा होता.

दादा खाली बसला. "ठेव तो फोन आत," तो म्हणाला.

टिल्लीने मान वर केली. बापाला माघार घेताना तिने कधी बघितलं नव्हतं.

"मग आता कसं कळायचं?" माईने विचारलं. फोन खिशात गेला तसा तिचा आवाज पुन्हा चढला. "ही तर तोंडाला कुलूप लावून बसलीय. सांग ना गं, कोणी सांगितलं तुला? टिल्लीने?"

पाहुणीने मान हलवली.

"मग कोणी? घरात राहायचं, घरचं खायचं, आणि घरातल्यांनाच सांगायचं नाही, ही कुठली रीत? आमच्या घरात नाही चालायचं. महिना भरला की दुसरी खोली बघ."

पाहुणीने ते ऐकलं आणि एकदाच डोळे मिटले. बाकी काही नाही. तोंड उघडलं नाही. आपण आत्ता एक नाव घेतलं तर खोली वाचेल, हे तिला कळत होतं. इतर सगळ्यांनाही कळत होतं, म्हणून सगळे वाट बघत होते.

स्वयंपाकघराच्या दाराशी भांडं वाजलं. वहिनी पुढे आली.

"तिला नका घालवू," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं तिला. अर्जही मीच करायला लावला. टिल्ली नको म्हणत होती."

दादाला ते आधी समजलंच नाही. "तू?"

"हो."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

दादाने टिल्लीकडे बघितलं.

"मी तुम्हाला बरीच वर्षं ओळखते," वहिनी म्हणाली. "तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मग तो शब्द मोडायला मला जमलं नसतं. म्हणून विचारलं नाही. या मुलीने मला हजारदा सांगितलं, दादांना सांगा, दादांना सांगा. मीच तिला शपथ घातली. खापर फोडायचं तर माझ्यावर फोडा."

माई एकदा सुनेकडे, एकदा पाहुणीकडे बघत राहिली. नाकासमोर चालणारी, वर मान करून न बोलणारी ही सून! कोणावर नजर ठेवायची आणि आपण कोणावर ठेवली! वर्षभर परकीच्या पावलांकडे कान लावून बसलो आणि कट शिजला तो आपल्याच चुलीशेजारी.

दादाने मग विचारलं, पण बायकोला नाही. पाहुणीला.

"तू निघालीस तेव्हा तुझ्या घरी काय म्हणाले?"

"आईला मी सांगितले नव्हते," पाहुणी म्हणाली. "विमानतळावरून फोन केला."

"मग?"

"आता ती फोनवर फक्त हवा कशी आहे विचारते. मीही हवाच सांगते."

"वर्षभर?" माईने विचारलं.

"वर्षभर."

माई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू, आणि पाहुणीसमोर जाऊन उभी राहिली. "लाव फोन तिला."

"आत्ता?"

"आत्ता. मला बोलायचंय. माझ्या घरात कोणाची पोर राहते ते मला कळायला नको?"

पलीकडे सकाळ होती. बाईचा चेहरा फोनवर आला, झोपेतून उठल्यासारखा. पाहुणी तिच्या भाषेत घाईघाईने काहीतरी बोलली. बाईने डोळे बारीक करून माईकडे बघितलं. माईनेही डोळे बारीक केले.

"सांग तिला," माई म्हणाली, "तुमची मुलगी इथे नीट आहे. खाते-पिते. स्वयंपाकघरात हाताशी असते. आजारी पडली तेव्हा मी उशाशी बसले होते. काळजी करू नका म्हणावं."

पाहुणीने तीन-चार शब्दांत सांगितलं.

"एवढंच? मी एवढं बोलले!"

"आमच्या भाषेत लहान होते, माई."

"हं," माई म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता.

पलीकडची बाई बोलू लागली. बराच वेळ बोलली. मध्ये एकदा बोट उगारलं. पाहुणीची मान खाली गेली.

"आई आभार मानते," ती म्हणाली.

"खोटं. आभार मानताना कोणी बोट उगारतं का? नीट सांग काय ते. शब्दाला शब्द."

पाहुणीने मान वर केली. "ती विचारते, तुम्ही माझ्या मुलीला काय केलेत? घरी यायचे नाव घेत नाही. फोनवर काही सांगत नाही. ती म्हणते, या लोकांना माझ्या मुलीकडून हवे आहे तरी काय? आणि विचारते, तुम्ही तिला परत कधी पाठवणार?"

धाकट्याने तोंडावर हात धरला. अप्पा खुर्चीत सरळ झाले. आता माई भडकणार म्हणून सगळे थांबले होते.

माई त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. न विंचरलेले केस, डोळ्यांखाली काळं, ओठ घट्ट मिटलेले. असा चेहरा तिने वर्षभर रोज बघितला होता, सकाळी आरशात केस विंचरताना.

"बाई नीट आहे," ती घरच्यांकडे वळून म्हणाली. "संशयी आहे. टिल्लीला जायचंच असेल तर या बाईच्या घरी राहील. दुसरीकडे कुठे नाही."

"माई, अजून मी हो म्हटलेलं नाही!" दादा म्हणाला.

"तू म्हण नाहीतर नको म्हणूस. मी जागेचं बोलतेय." ती पाहुणीकडे वळली. "विचार तिला, आमची नात ठेवून घेईल का."

पाहुणीने विचारलं. या वेळी तिचं वाक्य लांब होतं. पलीकडच्या बाईने माईच्या मागे बसलेल्या माणसांकडे बघितलं, एकेक करून, टिल्लीपाशी येऊन थांबली. मग एक छोटंसं वाक्य.

"काय म्हणते?"

"विचारते," पाहुणी म्हणाली, "ही मुलगी घरी खरे सांगते का?"

टिल्ली रडायला लागली. वहिनी तिच्याजवळ जाऊन बसली. सगळ्यांनी दादाकडे बघितलं. तो उठून फोनसमोर आला, माईच्या शेजारी. त्या अनोळखी बाईकडे त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"सांग तिला," तो म्हणाला, "कालपर्यंत नव्हती सांगत."

पाहुणीने सांगितलं. बाई हसली नाही, रागावलीही नाही. आपल्या मुलीकडे बघून तिने हळू आवाजात दोनच शब्दांचा प्रश्न विचारला, आणि पाहुणीचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला. त्या दोन शब्दांचं भाषांतर तिने केलं नाही. माईनेही, आयुष्यात पहिल्यांदाच, खोदून विचारलं नाही.